रिचार्ज कुणाचा मारायचा?

महिन्याला हजार रुपये. हजार रुपयांत पुण्यात काय येतं हो? मल्टिप्लेक्सची दोन तिकिटं आणि एक पॉपकॉर्नचा डबा. बऱ्यापैकी हॉटेलात दोघांचं जेवण, तेही 'आज स्वीट डिश नको' असं आधीच ठरवून गेलो तर. रविवारी मित्रमंडळी सिंहगडावर जायची टूम काढतात. त्या एका सकाळी पेट्रोल, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि येताना धरणाच्या चौपाटीवरचं कणीस धरलं तर तेवढे सहज उडतात. त्याचा हिशोब कुणी मागत नाही. आपणही ठेवत नाही.

पण तेच हजार रुपये एखाद्या ऑनलाइन गेमला भरायचे म्हटले की... लंच टेबलवर एकदा सांगून बघाच! "गेमला? पैसे? आणि तू?" यातला शेवटचा 'तू' खास. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ असा: वय वर्षं तेहतीस, टीम लीड, राहणार खडकवासला, घरात आई, डोक्यावर होम लोन. अशा बाईने गेम खेळणं हेच मुळात संशयास्पद. त्यात पैसे भरून खेळणं म्हणजे कळसच.

तर प्रश्न असा होता की, भरायचे की नाही? आठ महिने मी हा प्रश्न चघळला. उत्तर निघालं ते भलतंच. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी ओळख करून घ्या

गेमचं नाव फायनल फँटसी फोर्टीन. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा. ज्यांना या भानगडीत गम्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण एक पात्र तयार करायचं, त्याला नाव-रूप द्यायचं, एखादं काम शिकवायचं आणि एका भल्यामोठ्या जगात सोडून द्यायचं. त्या जगात त्याच क्षणी हजारो खरी माणसं आपापली पात्रं घेऊन हिंडत असतात. कुणी राक्षस मारतंय, कुणी मासे पकडतंय, कुणी नुसतंच चौकात उभं राहून गप्पा हाणतंय. आपला लक्ष्मी रोडच म्हणा ना, फक्त ड्रॅगनसकट.

'खोट्या जगात काय रमायचं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी आमच्या खडकवासल्यातच एक उत्तर आहे. इथे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली स्थापन झालेलं. तिथे चांगली शिकलीसवरलेली मोठी माणसं नद्यांच्या, धरणांच्या, बंदरांच्या छोट्या छोट्या प्रतिकृती बांधतात आणि त्यात पाणी सोडून, लाटा काढून काय होतं ते बघत बसतात. त्याला कुणी टाइमपास म्हणत नाही. पगार मिळतो! छोट्या जगातून मोठ्या जगाचं काहीतरी कळतं, एवढाच मुद्दा.

आता असं जग चालवायचं तर सर्व्हर लागतात, सांभाळणारी माणसं लागतात, दर काही महिन्यांनी नवी कथा लागते. म्हणून दरमहा वर्गणी. ही पद्धत काही आजची नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला तेव्हा महिन्याला १४.९९ डॉलर घेत होता. डॉलर तेव्हा पंचेचाळीस रुपयांच्या आसपास. म्हणजे पावणेसातशे रुपये! पुण्यातल्या सायबर कॅफेत पंधरा-वीस रुपयांत तासभर बसता यायचं त्या काळात. शिवाय क्रेडिट कार्ड घरात असलंच तर एक, आणि तेही बाबांच्या पाकिटात. त्यामुळे 'भरू की नको' हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडलाच नाही. आता पडतो, कारण कार्ड आपलं आहे.

आणि गंमत सांगू? आपला गेम पैसे घेण्याच्या लायकीचा झालेला नाही, हे एकदा खुद्द या कंपनीनेच आपल्या वागण्यातून मान्य केलं होतं. फायनल फँटसी फोर्टीन पहिल्यांदा सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि सपशेल आपटला. त्या डिसेंबरात सूत्रं नाओकी योशिदा यांच्याकडे दिली गेली. वर्गणी घेणं पुढे ढकलत ढकलत थेट जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्व्हर बंद केले, तेही कथेतच आकाशातून एक चंद्र पाडून, अख्खं जग उद्ध्वस्त करून! ऑगस्ट २०१३ मध्ये तोच गेम नव्याने बांधून परत आणला. पुढे तो इतका चालला की डिसेंबर २०२१ मध्ये लॉगिनच्या रांगा आवरेनात, म्हणून कंपनीने काही आठवडे गेम विकणंच थांबवलं. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावणारे आपले दुकानदारसुद्धा एवढे पुढे गेले नव्हते.

फुकट, पण किती फुकट?

मी २०२४ च्या जुलैत सुरुवात केली ती फुकटच. त्याला ट्रायल म्हणतात, पण ही 'चौदा दिवस फ्री, मग कार्ड नंबर द्या' वाली ट्रायल नव्हे. मुदतच नाही. लेव्हल सत्तरपर्यंत खेळा, मूळ गेम आणि त्यानंतरच्या दोन मोठ्या कथा अथपासून इतिपर्यंत बघा, वाटलं तर दोन वर्षं लावा. ऑफिस सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास या माझ्या वेगाने तेवढी लागणारच.

मग पैसे भरणाऱ्याला जास्तीचं काय मिळतं? इथे मी कागद-पेन घेऊन बसले. (बरं, एक्सेल उघडलं.) त्यावेळच्या नियमांप्रमाणे ट्रायलवाल्याला बाजारात खरेदी-विक्री बंद. खेळातला पैसा, म्हणजे 'गिल', तीन लाखांच्या वर साठवता येत नाही. गिल्डमध्ये, त्यांच्या भाषेत 'फ्री कंपनी'त, प्रवेश नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पार्टी स्वतः सुरू करता येत नाही. दुसऱ्याने बोलावलं तर जायचं. आपण कुणाला बोलवायचं नाही.

लक्षात आलं का? राक्षस फुकट, डोंगर फुकट, ड्रॅगन फुकट. पैसे पडतात ते माणसांचे!

त्यावर आणखी एक मेख. एकदा पैसे भरले की त्या अकाउंटची ट्रायल कायमची संपली. पुढे कधी वर्गणी थांबवलीत, तर आधी फुकट मिळणाऱ्या भागाचंही दार बंद. लॉगिनच होत नाही. म्हणजे बघा, ट्रायलवाला हा जुन्या वाड्यातला पागडीचा भाडेकरू. नळाला पाणी कमी येईल, पण त्याला कुणी हलवू शकत नाही. पैसे भरणारा हा अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवाला. सगळ्या सोयी आहेत, पण भाडं थकलं की बाहेर.

आता आकडे. युरोपच्या अकाउंटला सगळ्यात स्वस्त प्लॅन तीस दिवसांचे १०.९९ युरो, म्हणजे साधारण हजार रुपये. वर कार्डावर परदेशी व्यवहाराचे चार्जेस. त्याआधी मूळ गेम विकत घ्यायचा, त्यात पहिले तीस दिवस मिळतात. सत्तरच्या पुढच्या कथा हव्या तर त्या वेगळ्या विकत. एकट्या वर्गणीचा वर्षाचा आकडा बारा हजारांच्या वर जातो. बारा हजार! आमच्या सोसायटीचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स.

आणि खडकवासल्यात बसून युरोपचं अकाउंट कशाला? कारण धाकटा.

शुक्रवार, रात्री साडेदहा

धाकटा भाऊ २०२२ मध्ये मास्टर्स करायला जर्मनीला गेला आणि मग तिथेच नोकरीला लागला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचा फोनवरचा संवाद तुम्हाला पाठ असेल, कारण तुमच्याही घरी तोच चालतो. जेवलास का? हो. थंडी आहे का? आहे. पैसे आहेत ना? आहेत. थांब, आईला देते. मग आई तेच तीन प्रश्न विचारणार आणि तिकडून 'चल, ठेवतो'. फोन जायचा तो नेहमी आमच्याकडून. त्याचा आपणहून आला, तर आई 'हॅलो'च्या आधी 'काय झालं?' म्हणायची.

हा गेम तो कॉलेजपासून खेळतोय, पैसे भरून. एकदा सहज म्हणाला, "ताई, फुकट आहे, ये तर खरी." मी गेले. तेव्हापासून आमचा शुक्रवार ठरला. आमचे रात्रीचे साडेदहा, त्याचे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात सहा. तो टँक, म्हणजे पुढे होऊन मार खाणारा. मी हीलर, म्हणजे मागे उभी राहून त्याची मलमपट्टी करणारी. (लहानपणी मार द्यायचं काम माझ्याकडे होतं.) डंजनमध्ये चार जण लागतात. आम्ही दोघं, आणि गेमने जुळवून दिलेले कुठले कुठले दोघं. कानाला हेडफोन, मराठीतून आरडाओरडा, ते दोघं बिचारे गप्प.

भारतात या गेमचा सर्व्हर नाही, त्यामुळे माझी अवस्था बघण्यासारखी. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो. पुण्याहून पश्चिम युरोप सरळ रेषेत साडेसहा-सात हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन पासष्ट-सत्तर मिलिसेकंद नुसते प्रकाशालाच हवेत. त्यात केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर आकडा दीडशेच्या वर. जमिनीवर लाल गोल दिसला म्हणून मी उडी मारते, तोवर तिकडे बॉम्ब फुटून राख झालेली असते. पावसाळ्यात लाईट गेली तर आनंदच. धाकटा म्हणायचा, "ताई, तू मरणार हे मी धरूनच चालतो."

आईने पहिल्याच महिन्यात बिनतोड प्रश्न टाकला. "फोन फुकट आहे, व्हिडिओ कॉल फुकट आहे. मग भावाशी बोलायला हे भूत कशाला?"

उत्तर मला तिच्याच स्वयंपाकघरात मिळालं. आई आणि मावशी 'चल, आपण बसून बोलू या' असं म्हणून कधी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या मेथी निवडता निवडता बोलतात. मटार सोलताना बोलतात. पापड वाळत घालताना तर अख्ख्या खानदानाचे निकाल लागतात. हातात काम असलं आणि नजर एकमेकींवर नसली की मगच मनातलं बाहेर येतं. व्हिडिओ कॉलमध्ये निवडायला मेथी नसते! नुसते दोन चेहरे, समोरासमोर, एचआरच्या राउंडसारखे. तिथे माणूस 'सगळं ओके' याशिवाय दुसरं काय सांगणार?

डंजन ही आमची मेथीची जुडी. दोन मारामाऱ्यांच्या मधल्या चालण्यात मला कळलं की त्याने रूम बदलली, त्याला रात्री झोप लागत नाही, ऑफिसात जेवायला तो एकटाच बसतो. एक मुलगी आवडते, तिला पोळ्या करायला शिकायच्यात. (आई, हे वाचलंस तर लगेच फोन लावू नकोस.)

इथे राहणाऱ्यांना पावसाळ्यात धरणांचे आकडे तोंडपाठ असतात. आमचं खडकवासला १.९७ टीएमसी. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही मिळून २९.१५. म्हणजे चौघांत आमचं धरण चिमुकलं. पण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी पुण्याच्या नळाला पोचतं ते खडकवासल्यात उतरूनच. आमचा गेम तसाच. त्याची स्वतःची साठवण जेमतेम. पण वरचं सगळं पाणी त्यातूनच खाली येतं.

आणखी एक गोष्ट होती. मी ट्रायलवर, त्यामुळे पार्टीचं बोलावणं पाठवायचं ते त्यानेच. दर शुक्रवारी स्क्रीनवर छोटी चौकट यायची की, अमुक तुम्हाला पार्टीत बोलावतो आहे, यायचं का? ज्या पोराने दोन वर्षांत सणासुदीलासुद्धा आपणहून फोन केला नव्हता, तो दर आठवड्याला न चुकता बोलवत होता, कारण दुसरा इलाजच नव्हता! माझ्या एक्सेलमध्ये 'न भरण्याचे फायदे' या रकान्यात एक ओळ वाढली.

पंचेचाळीस दिवस

फेब्रुवारी २०२५ मधला एक शुक्रवार. टँक तीनदा मेला. हीलर मेली तर समजू शकतं, ती पुण्याहून खेळते. टँक मरतो म्हणजे त्याचं लक्ष नाही. मी विचारलं, "काय रे?" "काही नाही." पुन्हा दार उघडलं, पुन्हा राक्षस, आणि ऐन मारामारीत, "ताई, नोकरी गेली."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

त्या अकरा दिवसांत आई त्याच्याशी तीनदा बोलली होती. जेवलास का? हो.

आम्ही खेळ थांबवला नाही. तो बोलत राहिला, व्हिसाबद्दल, भाड्याबद्दल, पाठवलेल्या अर्जांबद्दल, उत्तरं न आलेल्या मेल्सबद्दल. मी मलमपट्टी करत राहिले. त्याला धीर द्यायची भाषणं मी दिली नाहीत. दोघांच्याही नजरा राक्षसावर होत्या, हे बरं होतं. रात्री दीड वाजता लॅपटॉप मिटला तेव्हा मला त्याची खरी परिस्थिती आकड्यांसकट माहीत होती. हे फोनवर सहा महिन्यांतही झालं नसतं.

पुढच्या शुक्रवारी म्हणाला, खर्च कापतोय. जिम बंद, ओटीटी बंद, हा गेमसुद्धा बंद. वीस मार्चला मुदत संपतेय, पुढे भरणार नाही.

आता गणित बघा. तो पैसे भरणारा, त्यामुळे त्याला ट्रायलवर परतता येत नाही. वर्गणी संपली की बाहेर. बरं, त्याने नवं अकाउंट काढून नवी ट्रायल घेतली तर? मीही ट्रायल, तोही ट्रायल, म्हणजे पार्टी सुरू करायचा हक्क दोघांनाही नाही. एकाच चौकात उभं राहून एकमेकांकडे बघत बसायचं! दोघांपैकी एकाने पैसे भरणं भागच.

शिवाय त्याचं घर. त्या जगातही घरांची टंचाई आहे. (पुणं म्हटलं तरी चालेल.) लॉटरी लागली तरच प्लॉट मिळतो. त्याला लागली होती. छोटंसं घर, अंगणात वाफा, वाफ्यात वांगी. शुक्रवारचं डंजन संपलं की आम्ही त्या अंगणात पाच मिनिटं टेकायचो. नियम असा की, मालकाने सलग पंचेचाळीस दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडतात आणि प्लॉट पुन्हा लॉटरीत. परदेशातल्या पोराचं एक घर आधीच डळमळीत झालेलं, त्यात हे दुसरं.

मी दोन रकाने केले. रकाना पहिला: मी पैसे भरायचे. म्हणजे आधी मूळ गेम विकत, मग वर्गणी. माझी कायमची ट्रायल गेली. तो नव्या अकाउंटवर लेव्हल एकपासून सुरू करणार, त्याचं घर पडणार, आणि बोलावणं पाठवायचं काम पुन्हा माझ्याकडे. रकाना दुसरा: त्याची वर्गणी मी भरायची. विकत काहीच घ्यायला नको. पात्र तेच, घर तेच, वांगी तीच. माझी ट्रायल शाबूत. आणि बोलावणं त्याच्याकडूनच.

दुसरा रकाना स्वस्तही होता. एक्सेल बंद केलं.

आपण गावाकडे आजीच्या मोबाइलला रिचार्ज मारतोच की. पैसे आपले, बोलते ती. तेव्हा 'मोबाइल घेण्याच्या लायकीचा आहे का' असा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. 'आजीशी बोलायचंय का' एवढाच प्रश्न असतो. गेमचं तसंच निघालं.

भरायचं कसं, ही वेगळी कसरत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, अ‍ॅपमध्ये जाऊन तो खटका आपण चालू करायचा. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून दरमहा आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले, तेव्हापासून परदेशी वर्गण्या आपल्या कार्डांवर सरळ चालतीलच असं नाही. म्हणून मी साठ दिवसांचं टाइम कार्ड घेतलं. एक कोड येतो, तो पाठवून द्यायचा. प्रीपेड! दर दोन महिन्यांनी पुन्हा विचार करायची सोय. आपल्या मध्यमवर्गीय मनाला हेच मानवतं.

कोड पाठवला. तिकडून मेसेज, "ताई, नको. मी परत करीन पैसे."

"ओवाळणी समज."

"ओवाळणी मी देतो. तू नाही."

"मग उलटी ओवाळणी."

बराच वेळ काही आलं नाही. मग स्क्रीनवर चौकट आली. यायचं का?

आता तुमचं काय?

तुमचा गेम वेगळा असेल, भाऊ वेगळा असेल. पण कार्ड हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

एक, फुकटचं संपलंय का? अनेक गेम्समध्ये फुकटातलाच भाग आपल्याला पुरून उरतो. आणि सगळेच दरमहा मागत नाहीत. गिल्ड वॉर्स टू २०१२ मध्ये आला तो मासिक वर्गणी न घेताच, आणि २०१५ पासून त्याचा मूळ गेम फुकट आहे.

दोन, पैशाच्या बदल्यात काय हातात पडणार हे आधी माहीत आहे का? वर्गणी हे तिकीट आहे. भरले पैसे, मिळाले तीस दिवस, विषय संपला. पण सप्टेंबर २०२० मध्ये आलेला गेन्शिन इम्पॅक्ट बघा. खेळायला फुकट, पण हवं ते पात्र मिळवायचं म्हणजे सोडत. नव्वद खेपांच्या आत एक उच्च दर्जाचं पात्र हमखास मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची पहिल्या वेळी खात्री नाही. तिकिटाचा हिशोब मांडता येतो. सोडतीचा मांडायला बसलं की महिनाअखेर उजाडते.

तीन, उद्या बंद पडलं तर हातात काय उरेल? २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा कित्येकांचे विकत घेतलेले कपडे आणि बंदुका पलीकडे गेल्या. मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परतला. तेव्हा इथे 'विकत घेतलं' हा शब्दच चुकीचा. आपण भाडं भरतो. भाडं भरायला हरकत नाही, फक्त भाडं आहे हे माहीत असावं. ज्या योशिदांनी हा आमचा गेम सावरला, तेच खेळाडूंना सांगत आलेत की करण्यासारखं संपलं तर वर्गणी थांबवा, दुसरं काहीतरी खेळा, नवीन आलं की परत या. दुकानदारच असं म्हणतोय तर आपण कशाला जीव काढायचा?

आणि हो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला तेव्हा आई पेपर घेऊनच माझ्या खोलीत आली. "बंदी आलीय. आता पोलीस येतील." मी तिला वाचून दाखवलं. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या गेम्सवर. वर्गणी भरून करमणुकीसाठी खेळायचे गेम त्यात नाहीत, जोवर ती वर्गणी म्हणजे पैज नाही. आईने पेपरची घडी घातली आणि विचारलं, "त्याच्या वांग्यांना पाणी कोण घालतं मग?"

मी दोनदा रिचार्ज मारला. तिसऱ्या वेळी गरज पडली नाही, जुलैत धाकट्याला नोकरी लागली. पगार कमी आहे, पण टीममध्ये सगळे एकत्र जेवतात म्हणे. हेही मला एका राक्षसाच्या पाठीमागे उभी असताना कळलं.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, व्हिडिओ कॉल झाला. आईने स्क्रीनला ओवाळलं. धाकटा म्हणाला, "ताई, तुला पूर्ण गेम घेऊन देतो. वर्षाची वर्गणी माझ्याकडून. आता तूही कुणालाही बोलावू शकशील."

मी म्हटलं, नको.

"मग ओवाळणी काय देऊ?"

"उद्या शुक्रवार आहे. साडेदहाला बोलाव."